खिशातलं ज्याचं त्याला

आमच्या लॉन्ड्रीत माणसाला नाव नसतं, नंबर असतो. पहिल्यांदा कपडे टाकायला आलात की कॉलरच्या आत आणि पँटच्या कमरपट्टीवर काळ्या शाईनं जो आकडा पडतो, तो तुमचा. मग तुम्ही प्राध्यापक असा नाहीतर प्राध्यापकाच्या डोक्याला ताप देणारे विद्यार्थी, आमच्याकडे तुम्ही त्रेपन्न किंवा एकशे आठ. रस्त्यापलीकडेच कॉलेजचं हॉस्टेल आहे, त्यामुळे आमची निम्मी गिऱ्हाइकं अठरा ते बावीसच्या वयातली. हॉस्टेलचे रेक्टर म्हणजे नंबर एक. ते त्यांनी स्वतः मागून घेतलं होतं.

मी इस्त्रीवर असते. पोरं पाठीमागं मला 'कडक' म्हणतात, आणि ते इस्त्रीमुळे नव्हे, तोंडामुळे. म्हणोत बापडी. मला गोड बोलता येत नाही आणि खोटं तर त्याहून येत नाही, माझा चेहराच आधी चहाडी करतो. माझा दादा आत मशीनवर असतो. त्या घरघरीत राहून राहून त्याला एका कानानं ऐकू येत नाही आणि दुसऱ्या कानानं तो ऐकत नाही. आणि पुढं काउंटरला माझी वहिनी. मला आज सांगायचंय ते तिच्याबद्दल. तिच्यासमोर तिचं कौतुक केलं तर ती ओल्या टॉवेलनं झोडपेल, म्हणून ती घरी गेल्यावर सांगतेय.

आमच्या धंद्यात कपडा मशीनमध्ये टाकायच्या आधी खिसा उलटा करावा लागतो. एक पेन राहिलं तर बारा शर्ट निळे होतात. कागदी रुमाल राहिला तर काळ्या पँटींची अशी दशा होते की विचारू नका. हे काम कोणीही करतं, पण वहिनीसारखं कोणी केलेलं मी पाहिलं नाही. दोन बोटं आत घालायची, खिसा बाहेर ओढायचा, शिवणीतला कचरा नखानं उडवायचा आणि शेवटी कापड नाकाशी न्यायचं. कोणाच्या खिशात सिनेमाची दोन तिकिटं आहेत, कोण परीक्षेच्या दिवशी परीक्षेला न जाता भलत्याच बसमध्ये बसला होता, हे त्याच्या आईच्या आधी वहिनीला कळतं. पण ताकास तूर लागू देईल तर शपथ. जे सापडेल ते जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या पुडीत घालायचं, वर नंबर लिहायचा आणि इस्त्री झालेल्या शर्टाला सेफ्टी पिनेनं टाचून द्यायचं. पोरांनी तिचं नावच पाडलं, खिसेमावशी.

ही रीत माझ्या वडिलांची. कोण्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या कोटात त्याच्या वारलेल्या बायकोची अंगठी सापडली, तेव्हा बाबा तापानं फणफणत होते. तसेच उठले आणि चालत जाऊन देऊन आले. तेव्हापासून दुकानाचं नाव झालं. मग बाबांनी स्वतःच्या हातानं पाटी रंगवली, 'खिशातलं ज्याचं त्याला', आणि काउंटरच्या वर ठोकली. अक्षर वाकडं आहे, पण आम्हाला त्या पाटीचा अभिमान. वहिनी या घरात आली तेव्हा बाबांनी तिला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की आपण खिसा बघायचा, माणसाचा हिशेब मांडायचा नाही. तिनं ते शब्द न् शब्द पाळलं. पाळलं म्हणूनच पुढचं सगळं झालं.

सात वर्षांपूर्वी सतरा नंबर होता. उंच, काटकुळा, शर्टाच्या बाह्या कायम दुमडलेल्या. मला तोंडावर 'कडकमावशी' म्हणायची हिंमत त्या एकट्याची, आणि मीही त्या एकट्यालाच हसून सोडलं. पोर होतंच तसं लाघवी. विसराळू म्हणून हॉस्टेलभर प्रसिद्ध. किल्ली विसरेल, चष्मा विसरेल, एकदा तर कपडे न्यायला आला आणि काउंटरवर दप्तरच विसरून गेला.

एके दिवशी त्याच्या शर्टाच्या खिशात प्लास्टिकची एवढीशी पिशवी निघाली. आत पाच-सहा पांढऱ्या गोळ्या. वहिनीला वाटलं, डोकेदुखीच्या असतील. हरवल्या तर पोराची पंचाईत होईल, म्हणून तिनं पुडी करून टाचून दिली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा पुडी, पुन्हा पिन. तिसऱ्या वेळी मात्र ती माझ्याकडे वळून म्हणाली, "वन्सं, औषधाच्या गोळ्यांवर नाव तरी असतं ना हो?" मी इस्त्री सरकवत म्हटलं, "आपल्याला काय करायचंय? पाटी वाच." हे मी म्हटलं. माझ्याच तोंडचे शब्द आहेत ते, आणि मी ते कोणापासून लपवलेले नाहीत.

चौथ्यांदा पुन्हा पिशवी निघाली आणि वहिनीनं टाचली, पण या वेळी सतरा नंबर कपडे न्यायला आला नाही. गठ्ठा फळीवर दहा दिवस पडून राहिला. मग एका दुपारी एक गृहस्थ आले, थकलेले, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. म्हणाले, "सतरा नंबर. मुलाचे कपडे आहेत." वहिनीनं गठ्ठा पुढं सरकवला आणि सहज विचारलं, "तो नाही आला?" ते म्हणाले, "तो गेला. मागच्या मंगळवारी. जास्त घेतलं म्हणतात डॉक्टर." आणि तिथंच उभ्या उभ्या त्यांनी गठ्ठा सोडला. वरच शर्ट होता, मी केलेल्या परीटघडीचा, आणि त्याला टाचलेली कॅलेंडरची पुडी.

त्यांनी पुडी उघडली. मग विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

वहिनीला 'नाही' म्हणता आलं असतं. ते अर्धं खरंही होतं. पण ती म्हणाली, "शंका आली होती. तरी दिलं."

ते ओरडले असते, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मान हलवली, पुडी काउंटरवर ठेवली आणि कपडे घेऊन गेले. वहिनी त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली, पण तिच्यातलं काहीतरी मोडलं होतं ते मोडलंच.

आठवडाभरानं तिनं जाहीर केलं, की यापुढं तंबाखू, सिगारेट, गोळ्या, असलं काहीही सापडलं तर ती टाचून देणार नाही. झालं, माझा पारा चढला. म्हटलं, बाबांची पाटी काय शोभेला आहे? आज गोळी ठेवून घेशील, उद्या लोक म्हणतील अंगठीही ठेवून घेतली. आणि एवढंच वाटत असेल तर सरळ रेक्टरांना सांग, ते बघतील. ती म्हणाली, "रेक्टर काढून टाकतील. काढलेलं पोर कुठं जातं हो?" मला ते पटलं नाही. माझा स्वभाव म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. पुढच्याच महिन्यात एकशे बाराच्या जाकिटात सिगारेटचं पाकीट आणि हातानं वळलेली गांजाची एक विडी निघाली. मी वहिनीला न सांगता रस्ता ओलांडला आणि रेक्टरांना सांगून आले.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. रेक्टरांनी त्याच दिवशी त्या पोराला सामानासकट बाहेर काढलं, सगळ्या मजल्यांवर दवंडी पिटली, आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे येणाऱ्या कपड्यांचे खिसे रिकामे. तिकीट नाही, पेन नाही, शेंगदाण्याचं टरफलसुद्धा नाही. पोरं खिसे झटकून कपडे टाकत होती आणि माझ्याकडे बघतही नव्हती. मशीनला फार सोयीचं झालं. वहिनी म्हणाली, "आता कोण बुडतंय ते कळणारही नाही आपल्याला." मला बोलली असती तर मीही चार शब्द ऐकवले असते, पण ती बोललीच नाही. त्यामुळे मला जास्त लागलं.

मग तिनं जे केलं ते माझ्याच्यानं सात जन्मांत झालं नसतं. कपडे टाकायला येणाऱ्या प्रत्येकाला तिनं थांबवलं आणि तोंडानं सांगितलं, "माझ्या दुकानातून एकाची गोष्ट बाहेर गेली. चूक माझी. पुन्हा जाणार नाही." चूक माझी! मी मागं इस्त्री धरून उभी आणि ती माझं पाप आपल्या पदरात घेऊन साठ-सत्तर पोरापोरींची माफी मागतेय. कोणी 'बरं' म्हणालं, कोणी फिस्कन हसलं. एकीनं तर ऐकवलं, "पाटी तरी उतरवा मग." वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. एकशे बाराचा पत्ता मिळवून ती त्याच्या गावीही गेली होती, हे मला फार उशिरा दादाकडून कळलं.

शिवाय सोमवारी सोमवारी ती सरकारी दवाखान्यात जाऊ लागली. मला वाटलं, हिलाच काही दुखतंय. तर ही बाई व्यसनमुक्तीच्या विभागाबाहेर बाकावर पेशंटांबरोबर नंबर लावून बसायची. तीन सोमवारी तिचा नंबर येईपर्यंत वेळ संपली. चौथ्या सोमवारी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्हाला काय त्रास आहे?" ही म्हणाली, "मी कपडे धुते. खिशात सापडलं तर मी काय करू, ते सांगा." डॉक्टरीणबाई म्हणे आधी हसल्या आणि मग दार लावून तासभर बोलल्या. तिथून ती एक गोष्ट पक्की करून आली, की पोराला घाबरवलं तर ते लपतं, आणि लपलं की हातातून जातं. आणि आपल्या आवाक्यापलीकडचं दिसलं तर थोपवून धरायचं नाही, इकडं घेऊन यायचं.

पण पोरांना बोलतं कसं करायचं? ते चादरींनी केलं.

दर गुरुवारी हॉस्टेलच्या चादरी येतात, ऐंशीच्या आसपास. मोठ्या चादरीची घडी एकट्यानं धड होत नाही. समोरासमोर उभं राहून दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकांकडे यायचं, टोकाला टोक लावायचं आणि पुन्हा मागं जायचं. आधी हे वहिनी आणि मी करायचो. तिच्या माफीनंतर हळूहळू पोरांचे खिसे पुन्हा भरून येऊ लागले होते. आता खिशात असलं काही सापडलं की ती त्या पोराला निरोप देई, "तुझी वस्तू माझ्याकडे आहे, गुरुवारी येऊन ने." आला की त्याच्या हातात चादरीची टोकं. पहिल्या आठ-दहा चादरी ती अवाक्षर काढत नसे. पण दर मिनिटाला एखाद्याच्या तोंडासमोर जाऊन उभं राहायचं म्हटलं की नजर किती वेळ चुकवणार? साधारण दहाव्या-बाराव्या चादरीला पोर आपणहून तोंड उघडतं. मी मोजलंय.

"मावशी, एकदाच ओढली हो, शप्पथ."

"एकदाच? मग दहाच्या पाकिटात तीनच कशा?"

असं चालायचं. ती उपदेश करत नसे. कोणाबरोबर ओढतोस, कधी ओढावीशी वाटते, घरून फोन कधी येतो, असं विचारत राहायची. मग वस्तू समोर ठेवून म्हणायची, "तुझी आहे. काय करायचं, सांग." बरेच जण तिथंच डब्यात टाकायचे. काही जण घेऊन जायचे. दोघं तर 'तुमचा काय संबंध' म्हणून भांडून दुसऱ्या लॉन्ड्रीत गेले. सगळे सुटले असं मी सांगणार नाही, पण पहिल्या-दुसऱ्या पाकिटालाच कोणीतरी विचारलं म्हणून थांबलेली पोरं मी या डोळ्यांनी पाहिलीत. त्यांच्या पुढच्या पाकिटांची मला माहिती आहे, कारण ती कधी आलीच नाहीत.

आणि गंमत म्हणजे नंबर एक! रेक्टरांच्या कोटाच्या आतल्या खिशात कायम लवंगा, आणि लवंगांखाली तंबाखूचा चुरा. वहिनीनं त्यांनाही गुरुवारचा निरोप धाडला. एवढा मोठा माणूस, टाय लावून चादरी धरून उभा. बाराव्या चादरीला म्हणाले, "बाई, वडिलांची सवय लागली, सुटत नाही." ती म्हणाली, "मग सुटत नाही म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. तेच पोरांना सांगा की. काढून कशाला टाकता?" त्यानंतर हॉस्टेलमधून कोणाचं सामान रस्त्यावर आलेलं मी पाहिलं नाही.

गेल्या वर्षी बेचाळीस नंबर आली. दुसऱ्या वर्षाला होती. खिशात खोडरबराचे तुकडे, लायब्ररीच्या चिठ्ठ्या. अभ्यासू पोर म्हणून वहिनीची लाडकी. मग खिशात कॉफीच्या रिकाम्या पुड्या निघू लागल्या, एकेका खिशात सहा-सात. मग शर्टाच्या बाहीचे काठ चावलेले. मग पँटच्या कमरेला घट्ट करायला लावलेली एक सेफ्टी पिन, महिन्याभरात दोन, मग तीन. वहिनी पँट हातात धरून म्हणाली, "वन्सं, ही पोर वाळत चाललीय." तिनं बोलावलं तर पोरीनं दोन गुरुवार 'क्लास आहे' म्हणून टाळलं.

आणि मग तिच्या जाकिटाच्या खिशातून प्लास्टिकची एवढीशी पिशवी निघाली. आत पांढऱ्या गोळ्या. अगदी तशीच. वहिनीनं सवयीनं पुडीसाठी कॅलेंडरचा कागद ओढला आणि तसाच परत ठेवला.

या खेपेस निरोप धाडायची गरज पडली नाही. गुरुवारीच पाचच्या सुमाराला पोर स्वतः आली. डोळे खोल गेलेले, ओठ फुटलेले.

"माझ्या जाकिटात काहीतरी होतं. द्या."

"आहे माझ्याकडे."

"मग द्या ना! वर काय लिहिलंय? खिशातलं ज्याचं त्याला. तुमचीच पाटी आहे."

वहिनीनं पिशवी काउंटरवर ठेवली, पण वर तळहात ठेवला. म्हणाली, "पाटी माझ्या सासऱ्यांची आहे. आणि देणार नाही असं मी म्हटलेलं नाही. पण आज चादरी पडल्यात आणि वन्संचा खांदा धरलाय. तेवढ्या घड्या घालू लाग."

माझा खांदा ठणठणीत होता. मी मान खाली घातली आणि इस्त्री करत राहिले, नाहीतर माझ्या चेहऱ्यानं घात केला असता.

पोरीनं रागारागानं टोकं धरली. एकही घडी सरळ येईना. तिचे हात इतके कापत होते की टोकाला टोक लागत नव्हतं. दहा झाल्या, पंधरा झाल्या, बोलायचं नाव नाही. मी मनात म्हटलं, संपलं, ही काही बोलत नाही. अठराव्या चादरीला वहिनी तिच्यापाशी गेली, तेव्हा पोरीनं टोकं सोडलीच नाहीत. तशीच धरून म्हणाली, "मावशी, माझे हात थांबत नाहीत."

"दिसतंय."

मग भडाभडा सगळं बाहेर आलं. परीक्षेच्या आधी एका सीनिअरनं जागायला म्हणून दिल्या. पहिल्यांदा फुकट दिल्या. मग एक पुरेना. मग झोपच गेली, भूक गेली, आणि घेतली नाही तर उठताच येईना. चार महिने झाले. "आईला कळलं तर ती मरेल," असं तीन वेळा म्हणाली.

वहिनी म्हणाली, "आई नाही मरत. मी सांगते तुला कोण मरतं." आणि तिनं तिला सतरा नंबरचं सांगितलं. काही गाळलं नाही, शंका आली होती तेही सांगितलं. "मी टाचून देत होते गं. छान पुडी करून, पिन लावून. माझ्या या हातांनी." हे बोलताना ती रडत होती, आणि ती रडतेय हे तिनं लपवलं नाही. मग काउंटरवरची पिशवी उचलून तिनं पोरीच्या तळहातावर ठेवली. "तुझी आहे. तू टाक, नाहीतर ने, नाहीतर उद्या सकाळी आपण दोघी दवाखान्यात जाऊ. मी बाहेर बाकावर बसेन. पण आज मी तुला ही न बोलता देणार नव्हते."

पोरीनं मूठ मिटली आणि दाराकडे निघाली.

देवा! मला ओरडावंसं वाटलं, अडव तिला, काय करतेस! वहिनी हलली नाही. पोर उंबऱ्याशी पोचली आणि तिथं रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. किती वेळ, मला सांगता येणार नाही. एवढंच सांगते की जळका वास आला तेव्हा मला कळलं, इस्त्री शर्टावर तशीच राहिलीय. एवढ्या वर्षांत माझ्या हातून एक शर्ट जळला नव्हता. जळला तो नेमका नंबर एकचा.

पोर वळून आली. पिशवी काउंटरवर ठेवून म्हणाली, "दवाखान्यात."

दुसऱ्या दिवशी वहिनीनं काउंटर दादाच्या गळ्यात मारला आणि तिला घेऊन गेली. तिथल्या बाकावरूनच तिच्या आईला फोन लावला. आई त्याच दिवशी निघून आली आणि पोर वॉर्डात भरती झाली. तिचे धुतलेले कपडे आमच्याकडे राहिले. मी गठ्ठा बांधला आणि नकळत त्याच फळीवर ठेवला, जिथं सतरा नंबरचा पडून होता. वहिनीनं बघितलं. मी म्हटलं, "हलवते." ती म्हणाली, "नको. इथूनच जाऊ दे."

त्या गठ्ठ्यानं आमचा जीव खाल्ला. पाचव्या आठवड्यात तिच्या आईचा फोन आला, की पोर वॉर्डातून कोणाला न सांगता निघून गेली. वहिनी दिवसभर फोन हातात धरून बसली. संध्याकाळी कळलं, सापडली, परत भरती केली. त्यानंतर फोन आला नाही आणि आमचा लागेना. नववा आठवडा गेला, दहावा गेला. वहिनी रोज त्या गठ्ठ्यावरची धूळ झटकायची. मी एकदा म्हटलं, "आता हॉस्टेलला देऊन टाकूया." तर असं बघितलं माझ्याकडे, की मी कानाला खडा लावला.

अकराव्या आठवड्यात दुपारी एक बाई दारात आल्या. एकट्या. दमलेल्या. म्हणाल्या, "बेचाळीस नंबरचे कपडे न्यायला आलेय. मी तिची आई."

वहिनीनं उठून फळीवरचा गठ्ठा काउंटरवर ठेवला आणि हात त्यावरच ठेवला. तिला विचारायचं होतं, पण विचारवेना. मागच्या वेळी तिनं विचारलं होतं ना, 'तो नाही आला?' म्हणून. शेवटी मीच खेकसले, "अहो, पोर कुठंय?"

"येतेय की. समोर रेक्टरांना भेटायला गेलीय."

आणि तेवढ्यात पोर रस्ता ओलांडून आली. अंगावर थोडं मांस आलं होतं, पँटला पिन नव्हती. तिनं आत येऊन वहिनीला अशी मिठी मारली की काउंटरवरचा पिनांचा डबा खाली सांडला. मी पिना गोळा करायला खाली बसले, कारण कडक बाईनं रडताना दिसू नये.

तिची आई गठ्ठा बांधून घेत होती तेव्हा पोर म्हणाली, "मावशी, एक सांगायचं राहिलं होतं. ती पिशवी जाकिटात विसरली नव्हती मी. तुमच्याकडे येऊन सांगायची हिंमत होत नव्हती. म्हणून ठेवली होती. तुम्हाला सापडावी म्हणून."

त्या दोघी गेल्या. फळी रिकामी झाली. वहिनी तिच्यासमोर पाठमोरी उभी राहिली. मला वाटलं, समाधानानं बघतेय. मग ती न वळता म्हणाली, "वन्सं, तो चारदा."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. सतरा नंबर. चार वेळा त्याच्या खिशात पिशवी निघाली होती. चार वेळा वहिनीनं ती पुडी करून टाचली होती, आणि मी म्हटलं होतं, पाटी वाच.

"तोही ठेवत असेल का हो?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "छे गं, काहीतरीच! तो विसराळूच होता. दप्तर विसरला होता, आठवत नाही का? हॉस्टेलभर सगळ्यांना ठाऊक होतं. विसरला असेल, दुसरं काय!"

वहिनी वळली. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग जवळ आली आणि माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुम्हाला खोटं बोलता येत नाही, वन्सं. पण बोललात माझ्यासाठी."

चारची वेळ झाली होती. हॉस्टेलकडून कपड्यांच्या नव्या पिशव्या आल्या. वहिनीनं पदरानं तोंड पुसलं, एक शर्ट ओढला आणि दोन बोटं खिशात घातली. मी तीस वर्षांत कधी परक्याच्या खिशाला हात लावला नव्हता. ते काम मला पटतच नव्हतं. मी इस्त्रीचं बटण बंद केलं, तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि पुढचं जाकीट माझ्याकडे ओढलं.

"शिवणीपर्यंत बघा," वहिनी म्हणाली. "सावकाश."